मोरचूद आणि कॉपर सल्फेट

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा निरोप आला, "तू आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेस, शाळेबद्दल काहीतरी लिही." गॅदरिंग, सहली, छड्या, मधल्या सुट्टीतले आवळे यांवर बाकीचे मित्र लिहितीलच. मी एका निळ्या बाटलीबद्दल लिहिणार आहे आणि त्या निमित्ताने थोडा इतिहासही सांगणार आहे. त्या बाटलीपाशी मी एक चूक केली होती. ती चूक होती हे मला पुढे रसायनशास्त्राचा इतिहास वाचताना कळले.

आपण नववीत होतो. रसायनाचे सर प्रयोगशाळेत तोंडी परीक्षा घेत होते. टेबलावर सात-आठ बाटल्या होत्या, चिठ्ठ्या भिंतीकडे वळवलेल्या. सरांनी निळ्या खड्यांची बाटली उचलली आणि मागच्या बाकावरच्या एका मित्राला उभे केले. "हे काय?" तो क्षणाचाही विचार न करता म्हणाला, "मोरचूद."

वर्ग हसला. सगळ्यांत आधी मी हसलो. सरांनी मला उभे केले. मी घडाघडा म्हटले, "कॉपर सल्फेट, सर. स्फटिकात पाण्याचे पाच रेणू." सर म्हणाले, "शाब्बास." तो मित्र खाली बसला. त्यानंतर त्याने वर्गात आपणहून हात वर केल्याचे मला आठवत नाही. दहावीनंतर तो वडिलांच्या वाडीत गेला. त्याचे नाव येथे लिहीत नाही. हा लेख लिहिण्यासाठी परवानगी मागितली तेव्हा त्याने तेवढीच अट घातली.

आता प्रश्न असा, की त्या दिवशी बरोबर कोण होते?

आपल्या घरांत आणि गावच्या बाजारात क्षारांची नावे पूर्वीपासून होतीच. मोरचूद, हिराकस, तुरटी, सोरा, नवसागर, टाकणखार. कल्हईवाला तापल्या भांड्यात नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर उठायचा आणि तांबे लखलखीत व्हायचे, हे आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. ही नावे रंगावरून, चवीवरून, उपयोगावरून पडली. संस्कृत रसग्रंथांत मोरचुदाला तुत्थ किंवा मयूरतुत्थ म्हटले आहे. ज्याने मोराची मान पाहिली आहे त्याला ते नाव समजावून सांगावे लागत नाही.

युरोपातही हेच होते. मोरचुदाला ते निळे व्हिट्रिऑल म्हणत, हिराकसाला हिरवे आणि झिंक सल्फेटला पांढरे. लॅटिनमध्ये काचेला 'व्हिट्रम' म्हणतात. खडे काचेसारखे दिसतात म्हणून व्हिट्रिऑल. गंमत अशी, की केवळ दिसण्यावरून एका गटात टाकलेले हे तिन्ही पदार्थ पुढे खरोखरच एका घराण्याचे निघाले. तिन्ही सल्फेटे आहेत. म्हणजे डोळ्यांना काहीतरी खरे दिसले होते.

पण डोळे फसतातही. शिशाचा एक क्षार गोड लागतो, म्हणून त्याला 'शिशाची साखर' म्हणत, आणि तो विषारी आहे. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर 'सोडा' हा शब्द पाहा. खाण्याचा सोडा भज्यांच्या पिठात जातो. धुण्याचा सोडा कपड्यांना लागतो. कॉस्टिक सोडा हाताला लागला तर कातडी सोलून काढतो. नाव एकच, पदार्थ तीन: सोडिअम बायकार्बोनेट, सोडिअम कार्बोनेट आणि सोडिअम हायड्रॉक्साइड. येथे पुस्तकातले नाव म्हणजे केवळ विद्वत्ता मिरवणे नाही. त्या नावावर माणसाचा जीव अवलंबून असू शकतो.

या गोंधळातून वाट काढणारे पुस्तक १७८७ साली पॅरिसमध्ये निघाले. गितों द मोर्व्हो, लव्हाझिए, बर्तोले आणि फूरक्रुआ अशा चौघांचे ते काम. गितों यांनी पाच वर्षे आधीच अशा सुधारणेची मागणी केली होती. चौघांनी ठरवले, की नाव रंगावरून किंवा चवीवरून द्यायचे नाही, पदार्थ कशाकशाचा बनला आहे त्यावरून द्यायचे. क्षार आम्ल आणि आम्लारी यांपासून होतो, म्हणून त्याच्या नावात दोन्ही बाजू आल्या पाहिजेत. निळे व्हिट्रिऑल गेले आणि तांब्याचे सल्फेट आले. आम्लात ऑक्सिजन जास्त असेल तर क्षाराच्या नावाचा शेवट 'एट', कमी असेल तर 'आइट'. सल्फेट आणि सल्फाइट, नायट्रेट आणि नायट्राइट हे जे आपण पाढ्यांसारखे म्हणत होतो, त्यांचा उगम येथे आहे. ऑक्सिजन नसलेल्या साध्या जोड्यांना वेगळा प्रत्यय मिळाला. तोच इंग्रजीत पुढे 'आइड' झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. हे नियम झाले तेव्हा इलेक्ट्रॉन माहीत नव्हता, आयन हा शब्दही नव्हता. तरी क्षाराचे नाव दोन भागांचे असावे हे त्यांनी बरोबर ओळखले. आणि तरीही त्यांची एक मोठी चूक झाली. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच असे लव्हाझिए मानत. ऑक्सिजन या नावाचा अर्थच 'आम्ल निर्माण करणारा' असा आहे. मिठापासून मिळणाऱ्या आम्लाला तेव्हा म्युरिअॅटिक आम्ल म्हणत, कारण लॅटिनमध्ये 'म्युरिआ' म्हणजे खारे पाणी. त्या आम्लातही ऑक्सिजन असणार, असे गृहीत धरले गेले. १८१० मध्ये हंफ्री डेव्हींनी दाखवले, की त्यातून निघणारा हिरवट पिवळा वायू हे स्वतंत्र मूलद्रव्यच आहे. त्यांनी त्याला रंगावरून क्लोरीन हे नाव दिले. म्युरिएट जाऊन क्लोराइड आले.

याच डेव्हींनी १८०७ मध्ये वितळलेल्या पोटॅशमधून वीज सोडून पोटॅशिअम आणि लगोलग कॉस्टिक सोड्यातून सोडिअम वेगळे काढले होते. सोडिअमची संज्ञा 'एनए' आणि पोटॅशिअमची नुसती 'के' का, हा प्रश्न आपल्या वर्गात कोणीतरी विचारला होता आणि "पाठ करा" असे उत्तर मिळाले होते. उत्तर असे आहे: स्वीडनच्या बर्झेलियस यांनी १८१३-१४ च्या सुमारास संज्ञांची पद्धत मांडली तेव्हा मूलद्रव्यांची लॅटिन वळणाची नावे धरली. नॅट्रिअम आणि कॅलिअम ही ती नावे. फेरम म्हणून लोखंडाचे 'एफई', क्युप्रम म्हणून तांब्याचे 'सीयू'.

डेव्हींच्या हाताखाली पुढे एक तरुण आला, मायकेल फॅरडे. तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत असे आणि बांधायला आलेली पुस्तके वाचत असे. जेन मार्सेट या बाईंचे रसायनशास्त्रावरचे संवादरूप पुस्तक त्याने असेच वाचले. मोठेपणी विजेचे प्रयोग करताना त्याला नव्या शब्दांची गरज पडली. केंब्रिजचे विल्यम व्ह्यूएल यांच्याशी पत्रव्यवहार करून त्याने १८३४ मध्ये ग्रीक धातूंवरून शब्द पक्के केले: आयन म्हणजे जाणारा, कॅटायन म्हणजे खाली जाणारा, अॅनायन म्हणजे वर जाणारा. ज्याचे शालेय शिक्षण जेमतेम झाले होते, त्याच्या तोंडचे शब्द आज जगभरच्या शाळांत पाठ केले जातात.

पण हे आयन येतात कुठून? वीज सोडल्यावर तयार होतात, अशी तेव्हाची समजूत होती. स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठात प्रबंध दिला आणि १८८७ पर्यंत आपला विचार पूर्णपणे मांडला. मीठ पाण्यात विरघळले की वीज नसतानाही त्याचे आयन सुटे होतात, असे त्यांचे म्हणणे होते. परीक्षकांनी प्रबंधाला अगदी खालची श्रेणी दिली. आक्षेपही साधा नव्हता: सोडिअम पाण्यात पेट घेतो आणि क्लोरीन विषारी आहे, मग मिठाच्या पाण्यात दोन्ही सुटे असतील तर आमटी खाणारा माणूस जगतो कसा? उत्तर असे, की सोडिअमचा अणू वेगळा आणि एक इलेक्ट्रॉन देऊन बसलेला सोडिअमचा आयन वेगळा. १९०३ मध्ये अऱ्हेनियस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. खालची श्रेणी मिळाली म्हणून माणसाचे म्हणणे खोटे ठरत नाही, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगत आलो. मागच्या बाकावरच्या मित्राला ते चाळीस वर्षांपूर्वी सांगायला हवे होते.

आपण ज्याला 'आयनिक संयुगांचे गुणधर्म' म्हणून पाच मुद्द्यांत लिहीत होतो, त्याचा उलगडा १९१३ मध्ये झाला. ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांनी मिठाच्या स्फटिकाची आतली रचना काढली. प्रत्येक सोडिअमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडिअम. कोणाची कोणाशी एकट्याची जोडी नाही. म्हणजे मिठाचा 'रेणू' अशी वस्तूच त्यात नाही. आपण ज्याला रेणुसूत्र म्हणत होतो ते फक्त प्रमाण आहे, एकास एक. हे पचायला इतके जड गेले, की हेन्री आर्मस्ट्राँग या नामवंत ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १९२७ मध्येही 'नेचर' नियतकालिकात या कल्पनेवर चिडून लिहिले.

ही रचना डोळ्यांसमोर आणली की ते पाच मुद्दे पाठ करावे लागत नाहीत. चिक्कीसाठी साखर कढईत टाकली की वितळून पाक होतो. मीठ मात्र चुलीवर वितळत नाही. त्याला ८०१ अंश सेल्सिअस लागतात, कारण सगळ्या बाजूंनी धरून बसलेले आयन सोडवायचे असतात. दृष्ट काढून मीठ विस्तवात टाकले की तडतडते. ते वितळणे नव्हे: खड्यात अडकलेल्या खाऱ्या पाण्याची वाफ होते आणि खडा फुटतो. तांब्याची तार ठोकली की पसरते, पण खडेमीठ खलबत्त्यात फुटते. घाव बसला की आयनांचा थर सरकतो, सारखे प्रभार समोरासमोर येतात आणि एकमेकांना ढकलून देतात. घट्ट मिठातून वीज जात नाही, कारण आयन जागच्या जागी अडकलेले असतात. वितळले किंवा विरघळले की त्यांना वाट मिळते. पाचही मुद्द्यांच्या मुळाशी गोष्ट एकच आहे.

नावांचा नियमही तिथूनच येतो. आधी धन आयन, मग ऋण आयन. मॅग्नेशिअम क्लोराइडमध्ये क्लोरीन दोन असूनही आपण 'डायक्लोराइड' म्हणत नाही, कारण मॅग्नेशिअमचा प्रभार दोन आणि क्लोराइडचा एक हे माहीत असले की संख्या आपोआप ठरते. अडचण येते ती एकाच धातूचे दोन प्रभार असतात तेव्हा. त्यासाठी फेरस-फेरिक, मर्क्युरस-मर्क्युरिक ही शेपटे आली. ती क्षुल्लक नाहीत. पाऱ्याच्या दोन क्लोराइडांपैकी मर्क्युरस क्लोराइड एके काळी औषध म्हणून सर्रास देत आणि मर्क्युरिक क्लोराइड हे जालीम विष आहे. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्रफुल्लचंद्र रे यांनी १८९६ मध्ये मर्क्युरस नायट्राइटचे पिवळे स्फटिक मिळाल्याचे प्रसिद्ध केले. त्या नावातली दोन्ही शेपटे, 'अस' आणि 'आइट', नीट वाचता आली तरच त्या शोधातली नवलाई कळते. पुढे १९१९ मध्ये जर्मनीच्या आल्फ्रेड स्टॉक यांनी शेपटांऐवजी रोमन आकडे सुचवले. हल्लीच्या पुस्तकांत म्हणून फेरस सल्फेटचे 'आयर्न टू सल्फेट' झाले आहे. नातवंडांचा अभ्यास घेताना गोंधळ उडाला तर घाबरू नका, हिराकस तेच आहे.

आता आपल्या भाषेकडे येतो. १९६१ मध्ये केंद्र सरकारने वैज्ञानिक परिभाषेसाठी आयोग नेमला. मूलद्रव्यांची आणि संयुगांची आंतरराष्ट्रीय नावे तशीच ठेवावीत आणि बाकीच्या संकल्पनांना भारतीय शब्द द्यावेत, असे धोरण त्याने ठरवले. आपल्या पुस्तकातही तेच वळण होते. क्लोराइड, सल्फेट तसेच राहिले. संयुजा, मूलक, द्रवणांक, विद्राव्यता हे शब्द आपले आले. मला हे धोरण योग्य वाटते. गंधकाम्ल शिकून कॉलेजात गेलेला मुलगा सल्फ्युरिक अॅसिडपाशी अडखळला नसता तरच नवल. पण एक गोष्ट सांगायची राहिली. पुस्तकात 'कॉपर सल्फेट' ठळक होते आणि 'मोरचूद' कंसात होते. माझ्या मित्राला जे काही येत होते ते सगळे त्या कंसात होते, आणि कंसातले परीक्षेत विचारत नाहीत.

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या शेवटी मी त्याच्या वाडीत गेलो. पावसाआधी सुपारीवर बोर्डो मिश्रण फवारायची त्याची लगबग चालली होती. या मिश्रणाची जन्मकथा मला ठाऊक होती: फ्रान्समधल्या बोर्डोजवळचे बागाईतदार वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. त्या वेलींना रोग कमी लागतो हे मियार्दे यांच्या लक्षात आले आणि १८८५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. मी हे सांगत होतो आणि मित्र ऐकत ऐकत काम करत होता. एका प्लास्टिकच्या पिंपात ५० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद, दुसऱ्यात ५० लिटरमध्ये १ किलो चुना. दोन्ही एकत्र ओतून ढवळले. मग त्याने घासून चकचकीत केलेला विळा त्यात बुडवला, थोड्या वेळाने वर काढला. पात्यावर तांबूस झाक आली होती.

"अजून चुना लागेल," तो म्हणाला. गाळून चुन्याची निवळी ओतली, पुन्हा विळा बुडवला. या वेळी पाते स्वच्छ.

"हे कुठे शिकलास?"

"वडिलांनी दाखवलं. विळ्यावर तांबं चढलं तर पान करपतं, म्हणायचे."

पहिल्या खेपेला तांब्याचे आयन द्रावणात मोकळे होते. लोखंडाने त्यांना इलेक्ट्रॉन दिले आणि ते तांबे होऊन पात्यावर बसले. चुना पुरेसा झाल्यावर तांबे न विरघळणाऱ्या रूपात बांधले गेले, मोकळा आयन उरला नाही. हाच प्रयोग आपल्याला नळीत खिळा टाकून दाखवला होता. मी त्याचे समीकरण लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. त्या समीकरणावर कोणाचे पीक अवलंबून असते हे मला माहीत नव्हते. नववीत त्याला कोणी "मोरचूद म्हणजे काय, तू त्याचे काय करतोस?" एवढे विचारले असते, तर तो धडा त्यानेच वर्गाला शिकवला असता.

पडवीत नारळांसाठी आणलेल्या खताची गोण होती. त्यावर छापले होते 'म्युरेट ऑफ पोटॅश'. त्याने विचारले, "ह्याला म्युरेट का रे म्हणतात?" मी सांगितले: आत पोटॅशिअम क्लोराइड आहे, पण नाव डेव्हींच्याही आधीचे, ज्या काळात क्लोरीन हे मूलद्रव्य आहे हे माहीत नव्हते. गोणीवर पोटॅशचे प्रमाण ६० टक्के लिहिलेले असते तेही पोटॅशिअम ऑक्साइडच्या हिशोबाने, आणि गोणीत ऑक्साइडचा कणही नसतो. व्यापाराने जुना हिशोब तसाच ठेवला आहे. तो मोठ्याने हसला. "म्हणजे पुस्तकवाल्यांचीपण बाजारू नावं असतात!"

मग मी त्याला नववीतल्या त्या दिवसाबद्दल बोललो. तो म्हणाला, "आठवतंय. तू हसलास म्हणून शाळा नाही सोडली मी. वडील आजारी होते. पण हसलास ते लागलं होतं." मी माफी मागितली. त्याने चहा मागवला. आता हे सर्वांसमोर लिहितो आहे, कारण हसलो होतो तेही सर्वांसमोर.

मित्रहो, या मेळाव्यात प्रयोगशाळेच्या दुरुस्तीसाठी आपण निधी गोळा करतो आहोत. माझी एक विनंती आहे. नव्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवर तीन ओळी असाव्यात: वर शास्त्रीय नाव, खाली तेवढ्याच मोठ्या अक्षरात आपल्या बाजारातले नाव, आणि त्याखाली त्यात कोणते आयन आहेत ते. तुरटी, नवसागर, सोरा, हिराकस, खाण्याचा आणि धुण्याचा सोडा एवढ्यापासून सुरुवात करता येईल. हल्ली विज्ञान इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलांना तर दुसऱ्या ओळीची जास्तच गरज आहे.

निळ्या बाटलीची चिठ्ठी आपल्या मित्राने त्याच्या हाताने लिहावी असे मी त्याला सुचवले आहे. तो तयार आहे, आणि बाटलीत भरायला मोरचूदही तोच आणणार आहे. फक्त म्हणाला, "सल्फेटचं स्पेलिंग विचारू नका म्हणजे झालं."